लव्हाळा आणि त्याच्या भाऊबंदांची पानं-खोडं कापून तुलना कशी करायची, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

तुरा आलेला असेल तर लव्हाळा आणि त्याचे भाऊबंद वेगळे करणं फार अवघड नाही, पण तण आपल्यासमोर येतं ते बहुतेक वेळा तुरा यायच्या आधी, नुसती तीन-चार हिरवी पानं आणि खाली मुळ्या, आणि त्या वयात ही सगळी इतकी सारखी दिसतात की चांगले जाणकारसुद्धा गोंधळतात. अशा वेळी पानाचा एक पातळ आडवा काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की बऱ्याच गोष्टी पाच मिनिटांत कळतात. ज्यांनी हे काम कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण माझा जवळजवळ अख्खा एक सीझन त्यात गेला: दोन जातींच्या कापांत दिसणारा फरक खरंच जातींचा आहे की आपण वेगवेगळ्या जागी कापल्यामुळं आलेला आहे, हे आधी पक्कं करावं लागतं. मी एका जातीचं पान मधे कापलं होतं आणि दुसरीचं बुडाजवळ, आणि वहीत दोन जातींमधले फरक म्हणून भराभर लिहीत गेलो, नंतर एकाच झाडाचं एकच पान तीन ठिकाणी कापून बघितलं तेव्हा त्यातले निम्मे फरक त्या एका पानातच सापडले.

कोणत्या जाती घ्यायच्या

सायपेरस या वंशातच जवळपास ९५० जाती आहेत, त्यामुळं सुरुवातीला तीनच घ्या. पहिला अर्थातच लव्हाळा म्हणजे नागरमोथा, सायपेरस रोटंडस. १९७७ साली लिरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांची यादी केली त्यात हाच पहिल्या नंबरवर होता. दुसरा सायपेरस इरिया, हा एका हंगामात संपणारा, जमिनीत गाठी न करणारा, भातात आणि ओलसर शेतात येणारा. तिसरा सायपेरस डिफॉर्मिस, हाही एकाच हंगामाचा, पण याला पाणी साचलेलं खाचर जास्त आवडतं आणि याचा तुरा बारीक बारीक कणसांच्या गच्च गोल गोळ्यांचा असतो.

हे तीन मुद्दाम निवडलेत. पहिले दोन सी४ पद्धतीनं अन्न बनवतात आणि तिसरा सी३ पद्धतीनं (हवेतला कार्बन पकडून बनणारा पहिला पदार्थ चार कार्बनचा की तीन, त्यावरून ही नावं), आणि हा फरक पानाच्या रचनेत डोळ्यांना सरळ दिसतो, त्यासाठी कुठलंही महागडं मशीन लागत नाही. नवख्या माणसानं असा ठळक फरक आधी बघावा, म्हणजे नजर बसते, मग बारीक फरकांकडे जावं.

झाड गोळा करताना एक झाड कापायला आणि त्याच जागचं एक तुऱ्यासकट, मुळासकट दाबून वाळवून ठेवायला, दोघांना एकच नंबर. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात, पण सहा महिन्यांनी कुणी विचारलं की ही स्लाइड नक्की डिफॉर्मिसचीच कशावरून, तर दाखवायला तेवढंच असतं हातात. गवताशी गल्लत करू नका, या कुळातल्या झाडांचा दांडा बहुतेक वेळा तिकोनी आणि भरीव असतो, पानं तीन ओळीत लागतात, आणि पानाचं बूड दांड्याभोवती बंद नळीसारखं असतं, गवतात ही नळी बहुधा एका बाजूनं उघडी असते.

अजून एक. शक्य असेल तर तिन्ही जाती सारख्याच कुंड्यांत, सारख्याच मातीत, सारखंच पाणी देऊन वाढवा. पाण्यात उभ्या असलेल्या झाडात हवेच्या पोकळ्या वाढतात, ऊन कमी मिळालं की पान पातळ होतं, म्हणजे कोरड्या बांधावरचा रोटंडस आणि पाण्यातला डिफॉर्मिस शेजारी ठेवले तर तुम्ही जात बघताय की जागा, हे सांगता येणार नाही. कुंड्या जमत नसतील तर निदान तिन्ही एकाच शेताच्या एकाच ओलाव्याच्या पट्ट्यातून घ्या.

कुठून कापायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं

या झाडांचं पान बुडातून वाढतं, त्यामुळं टोक सगळ्यात म्हातारं आणि बुडाजवळचा भाग सगळ्यात कोवळा. टोकाकडे पान अरुंद होत जातं आणि शिरा कमी होतात, बुडाकडे पेशी अजून पूर्ण तयार नसतात. म्हणून नियम एकच, पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं, आतून मोजत तिसरं म्हणा, आणि पात्याची लांबी पट्टीनं मोजून बरोबर मधला एक सेंटिमीटर कापून घ्यायचा. अंदाजानं नाही, मोजून.

तुऱ्याच्या खाली जी लांब हिरवी पानं पसरलेली असतात ती सहपत्रं, ती साध्या पानांच्या जागी वापरू नका, दिसतात अगदी पानासारखीच.

खोडाचं थोडं समजून घ्यायला लागतं. आपण ज्याला खोड म्हणतोय तो तुऱ्याचा दांडा, त्याला मधे पेरं नसतात, बुडापासून तुऱ्यापर्यंत सगळी एकच लांब कांडी असते. तीही खालून वाढते म्हणून इथंही मधलाच भाग घ्या. बुडाजवळ कापलं तर मधे दांडा आणि त्याच्याभोवती पानांच्या नळ्यांची कडीच्या कडी असा काप येतो आणि नवीन माणसाला तो सगळाच एक खोडाचा काप वाटतो. रोटंडसमध्ये अजून एक घोळ होतो, जमिनीखालची तारेसारखी आडवी खोडंही लोक खोड म्हणून कापतात. ते खोडच आहे पण वेगळं, त्यात एन्डोडर्मिसचं, म्हणजे आतला गाभा वेगळा करणाऱ्या पेशींच्या थराचं, स्पष्ट कडं असतं आणि आतल्या बंडलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या जुडग्यात, झायलेमनं (पाणी वाहणाऱ्या नळ्या) फ्लोएमला (अन्न वाहणाऱ्या नळ्या) चारी बाजूंनी वेढलेलं असतं. इरिया आणि डिफॉर्मिसला अशी आडवी खोडं नसतात, म्हणून तुलना दांड्याशी दांड्याचीच करायची.

काप घेणं

हातानं घेतलेले काप या कामाला पुरतात. गाजराचा किंवा थर्मोकोलचा बोटाएवढा तुकडा घ्या, उभी चीर द्या, पानाचा तुकडा त्यात उभा धरा आणि नवीन ब्लेडनं, ब्लेड आणि गाजर दोन्ही पाण्यानं ओले ठेवून, ब्लेड आपल्याकडे तिरपं ओढत काप घ्या. दाबायचं नाही, ओढायचं. वीस-तीस काप घ्या, सगळे पाण्याच्या वाटीत सोडा, त्यातले दोन-तीनच चांगले निघतात आणि ते ठीकच आहे. कापाची एक कड पातळ असली तरी चालतं, बघायला तेवढी पुरते.

ब्लेड मात्र सारखं बदला. या झाडांच्या बाह्यत्वचेत सिलिकाचे बारीक शंकू असतात, धार पटकन जाते आणि मग काप फाटायला लागतात. काप तिरका गेला तर पेशी लांबट दिसतात आणि पान जाड वाटतं, तो मोजायला घेऊ नका, झायलेमच्या मोठ्या नळ्या गोल दिसत असतील तर काप सरळ आहे असं समजायचं.

लगेच कापणं शक्य नसेल तर तुकडे एफएएमध्ये ठेवा, म्हणजे ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ५ मिली आणि फॉर्मॅलिन ५ मिली. एक दिवसानंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवले की टिकतात. फॉर्मॅलिन खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालूनच हाताळा, ते नाका-डोळ्यांना आणि तब्येतीला खरंच वाईट आहे.

पण पहिला काप ताजाच बघा. अल्कोहोलमध्ये गेलं की हिरवा रंग धुऊन जातो आणि आपल्याला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट हिरव्या रंगातच आहे.

रंग घालायच्या आधी हिरवं बघा

रोटंडसच्या पानाचा ताजा काप, रंग न घालता, नुसत्या पाण्यात, १०x वर. प्रत्येक शिरेभोवती गडद हिरवं कडं दिसेल, हिरव्या मण्यांची माळ पानभर ओवल्यासारखी, आणि त्या कड्याभोवती जरा फिक्या हिरव्या पेशी सूर्याच्या किरणांसारख्या लावलेल्या. हीच क्रान्झ रचना. क्रान्झ म्हणजे जर्मन भाषेत फुलांचं गोल कडं, हाबरलांड्ट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे नाव वापरलं, आणि त्या कड्याचा उपयोग काय ते कळायला पुढची ऐंशीएक वर्षं गेली, १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानावर काम करून सी४ चा मार्ग मांडला तेव्हा.

आता ४०x वर जा आणि एकच बंडल नीट बघा, इथं घाई करू नका. बाहेरून आत येताना आधी किरणांसारख्या पेशी, मग रंगहीन जाड भिंतीच्या पेशींचं एक आवरण, ते मेस्टोम आवरण, आणि त्याच्या आत, झायलेम-फ्लोएमला चिकटून, हिरव्यागार पेशींचं क्रान्झ आवरण. म्हणजे हिरवं कडं मेस्टोमच्या आत. ज्यांनी आधी मका किंवा उसाचं पान बघितलंय त्यांना हे उलटं वाटतं, कारण गवतांमध्ये मेस्टोमच्या आत असं हिरवं कडं नसतं, तिथं मेस्टोमच हिरवं होतं किंवा हिरवं आवरण मेस्टोमच्या बाहेर असतं. सायपेरसमधल्या या प्रकाराला क्लोरोसायपेरॉइड म्हणतात. मोठ्या बंडलमध्ये झायलेमच्या मोठ्या नळ्यांपाशी हे हिरवं कडं तुटलेलं दिसतं, तो दोष तुमच्या कापाचा नाही, तसंच असतं.

इरियाचा काप ठेवा, मूळ मांडणी हीच मिळेल. मग डिफॉर्मिसचा ठेवा. ते गडद कडं गायब! शिरांभोवतीची आवरणं फिकी, हिरवं सगळं पानभर विखुरलेलं, आणि किरणांसारखी रचना नाही. एकाच वंशातली, एकाच खाचरात शेजारी उभी असलेली दोन झाडं आणि आतून एवढी वेगळी, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिन्ही स्लाइड परत परत बदलून बघत बसलो होतो.

खात्री करायची असेल तर दुपारी उन्हात असलेलं पान तोडा, काप घ्या आणि पातळ आयोडीनचा थेंब टाका. सी४ जातीत स्टार्चचा काळा-निळा रंग मुख्यतः त्या आतल्या कड्यात दिसतो, सी३ जातीत तो इकडेतिकडे असतो.

अजून एक खूण, दोन शेजारच्या बंडलांच्या मधल्या जागेत हिरव्या पेशी किती आहेत ते मोजा. १९७५ मध्ये हॅटर्सली आणि वॉटसन यांनी गवतांसाठी हा मोजायचा प्रकार मांडला होता, सी४ मध्ये बंडलं जवळजवळ असतात म्हणून मधे मोजक्याच पेशी, साधारण चारपर्यंत, सी३ मध्ये त्याहून जास्त. लव्हाळ्याच्या कुळातही या मोजणीचा उपयोग होतो, पण हवेची पोकळी मधे आली असेल ती जागा सोडून मोजा.

मग रंग

टोलुइडीन ब्लू, ०.०५ टक्के, अर्धा ते एक मिनिट, पाण्यानं धुवा, बघा. बस. लिग्निन (लाकडाला कडक करणारं द्रव्य) असलेल्या भिंती निळसर हिरव्या होतात, साध्या भिंती जांभळट गुलाबी. नवख्यांसाठी सॅफ्रॅनिन-फास्ट ग्रीन या दोन रंगांच्या पद्धतीपेक्षा हे मला जास्त आवडतं, कारण एकाच रंगात दोन्ही गोष्टी कळतात. लिग्निनच बघायचं असेल तर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड, लालबुंद रंग येतो, पण ॲसिडच्या वाफेनं लेन्स खराब होते म्हणून कव्हरस्लिप ठेवून बाजूचं टिपून घ्या आणि बघून झालं की स्लाइड लगेच काढा.

रंगवलेल्या पानात वरून खाली असं बघत जा. वरची बाह्यत्वचा मोठ्या पेशींची, खालची लहान पेशींची. मधल्या शिरेवर वरच्या बाजूनं मोठ्या फुगीर, पातळ भिंतीच्या पेशींचा गट, पान मिटायला-उघडायला त्यांचा उपयोग होतो असं मानतात. पानाचा एकूण आकार बघा, मधे घडी पडल्यासारखा व्ही आणि खाली कणा. तो कणा किती टोकदार, पंख किती सपाट, हे चित्र काढूनच कळतं, नुसता फोटो काढला की नजर तिथं थांबत नाही. पर्णरंध्रं मुख्यतः खालच्या बाजूला. बाह्यत्वचेखाली स्क्लेरेन्कायमाचे, म्हणजे आधार देणाऱ्या जाड भिंतीच्या पेशींचे पट्टे, ते किती, कुठं, बंडलला टेकलेत की सुटे आहेत ते लिहा. बंडलांच्या मधे हवेच्या पोकळ्या आहेत का, किती मोठ्या. आणि ताज्या कापात काही पेशी तपकिरी-लालसर दिसतील, त्या टॅनिनच्या, त्यांना घाण समजून सोडू नका, त्या कुठं बसतात तेही लिहून ठेवायचं.

बाह्यत्वचा वरून बघायला पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, वाळल्यावर सेलोटेपनं उचला आणि स्लाइडवर लावा. पर्णरंध्रं ओळीत दिसतील, प्रत्येकाच्या दोन बाजूंना एकेक सोबतीची पेशी. सिलिकाचे शंकू मात्र ठशात नीट कळत नाहीत, त्यासाठी पान ब्लेडनं हळू खरवडून खालचा पारदर्शक थर बघायला लागतो, शिरांवरच्या ओळींत बारीक गोल ठिपके दिसतात, ते म्हणजे वरून दिसणारे शंकू. पानाच्या कडेला हात लावला की खरखरीत लागतं ते दातांमुळं, तेही इथंच दिसतात.

खोडाचा काप

आधी ४x वर फक्त बाहेरची रेघ बघा. तिकोनी, पण कोपरे गोलसर की धारदार, बाजू सपाट की आत दबलेल्या? डिफॉर्मिसचा दांडा मऊ असतो आणि कोपरे धारदार, बोटांत दाबला तरी चटकन दबतो, आणि कापात त्याचं कारण दिसतं, आत हवेच्या पोकळ्या भरपूर. रोटंडसचा दांडा त्या मानानं भरीव आणि कडक.

बंडलं विखुरलेली असतात, बाहेरच्या बाजूला लहान लहान आणि दाट, आत मोठी आणि लांब लांब. मोठ्या बंडलमध्ये झायलेमच्या दोन ठळक नळ्या, त्यांच्या बाहेरच्या अंगाला फ्लोएम आणि आतल्या बाजूला बहुतेक वेळा एक पोकळी, चेहऱ्यासारखं दिसतं, एकदा ओळखलं की परत विसरत नाही. बाह्यत्वचेखाली स्क्लेरेन्कायमाचे पट्टे आणि त्यांच्या मधे हिरव्या पेशी. रोटंडस आणि इरियात या बाहेरच्या लहान बंडलांभोवतीही हिरवं क्रान्झ कडं सापडतं, म्हणजे दांडाही पानासारखंच काम करतो, आतल्या मोठ्या बंडलांभोवती मात्र किरणांची ती रचना नसते. डिफॉर्मिसमध्ये बाहेरही नाही. पानातला निष्कर्ष खोडातून असा परत तपासता येतो आणि मला वाटतं पान-खोड दोन्ही करण्याचं खरं कारण तेच आहे.

मोजमाप

आयपीसमधली पट्टी आधी कॅलिब्रेट करा. स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडवर, १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, एक भाग १० मायक्रॉन, त्यावरून प्रत्येक लेन्ससाठी वेगळा आकडा काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पर्णरंध्रांची संख्या दर चौरस मिलिमीटरला काढायची तर दिसणाऱ्या गोलाचं क्षेत्रफळ लागतं, आयपीसवर १८ लिहिलं असेल आणि लेन्स ४०x असेल तर व्यास ०.४५ मिलिमीटर, क्षेत्रफळ साधारण ०.१६ चौरस मिलिमीटर. पर्णरंध्र निर्देशांकही काढा, पर्णरंध्रं भागिले पर्णरंध्रं अधिक बाह्यत्वचेच्या पेशी, गुणिले १००. पेशी फुगल्या-आकसल्या की नुसती संख्या बदलते, निर्देशांक त्या मानानं कमी हलतो.

पानाची जाडी मधल्या शिरेवर आणि दोन शिरांच्या मधे अशी वेगवेगळी मोजा, कुठं मोजली ते लिहा. आणि एका झाडावर पन्नास मापं घेतली म्हणून पन्नास नमुने होत नाहीत, तो एकच नमुना. प्रत्येक जातीची निदान पाच झाडं, प्रत्येकात पाच-दहा मापं, त्यांची सरासरी म्हणजे त्या झाडाचा एक आकडा, आणि तुलना त्या पाच आकड्यांची.

माझं मत विचाराल तर मायक्रॉनमधल्या आकड्यांवर जात ठरवू नका. जाडी, पोकळीचा आकार, पर्णरंध्रांची संख्या, हे सगळं ऊन-पाण्याप्रमाणं बदलतं. आवरणांचा क्रम, क्रान्झ आहे की नाही, सिलिकाच्या शंकूंची मांडणी, दांड्याच्या कापाचा एकूण आकार, या गोष्टी जास्त टिकाऊ आहेत, आधी वजन यांना द्यायचं.

नजर बसली की पुढं

फिम्ब्रिस्टायलिस लिटोरॅलिस घ्या, भातातलंच तण, जरा लांबचा नातेवाईक. याचं पान बाजूंनी दाबलेलं असतं, त्यामुळं कापात वरची बाजू-खालची बाजू असा भेदच सापडत नाही, दोन्ही अंगं सारखी. हाही सी४, पण इथं मेस्टोमच्या बाहेर रंगहीन पेशींचं आणखी एक आवरण येतं, म्हणजे आवरणं तीन. सायपेरसची दोन मोजायची सवय लागलेली असेल तर हे तिसरं पटकन निसटतं, टोलुइडीन ब्लू घालून शांतपणे मोजा.

आणि सगळ्यात अवघड जोडी म्हणजे रोटंडस आणि सायपेरस एस्क्युलेंटस. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही गाठी करणारे, दोन्ही सी४, दोघांत तेच क्लोरोसायपेरॉइड कडं. इथं फक्त कापावर विसंबून नाव लिहू नका. जमीन उकरून गाठी बघा, रोटंडसमध्ये त्या एकाच आडव्या खोडावर माळेसारख्या एकामागून एक येतात, एस्क्युलेंटसमध्ये प्रत्येक आडव्या खोडाच्या टोकाला एकच. पानाचं टोक रोटंडसमध्ये लवकर निमुळतं होतं, एस्क्युलेंटसमध्ये लांबवर हळूहळू. तुरा आला तर रोटंडसचा लालसर तपकिरी, एस्क्युलेंटसचा पिवळसर गवती रंगाचा. या तीन खुणा जुळल्या की मग नाव लिहा आणि त्या नावाखाली कापातली निरीक्षणं मांडा, म्हणजे पुढं या दोघांमध्ये काही बारीक फरक खरंच हाती लागला तर तो कुठल्या झाडाचा, याबद्दल शंका राहणार नाही.